शक्तीचा रोजमेळ

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने या वर्षी धान्यबाजाराच्या गेल्या पन्नास वर्षांतील स्थित्यंतरांवर मी लेख द्यावा, अशी सूचना केली होती. विषय माझ्या आवडीचा आहे. परंतु गेल्या चार वर्षांत मी रविवार पेठेत क्वचितच उतरलो आहे, आणि ज्याने बाजार डोळ्यांनी पाहिला नाही त्याने बाजारावर लेखणी चालवू नये, असे माझे जुने मत आहे. यास्तव ज्या एका गोष्टीने माझी ही चार वर्षे व्यापून टाकली तिच्याविषयीच मला लिहू द्यावे, अशी विनंती मी मंडळाला केली व मंडळाने ती मान्य केली, याबद्दल मी ऋणी आहे. आपल्या सभासद कुटुंबांपैकी काही घरांत हेच दुखणे असावे असा माझा अदमास आहे. त्या घरांत आजाऱ्याला काय काय ऐकावे लागत असेल, हे मी चांगले जाणतो; कारण तसे बोलणाऱ्यांत एके काळी मीही होतो.

हे दुखणे म्हणजे थकवा. शब्द वाचून कित्येकांना हसू येईल. व्यापारी माणसाला थकवा नवा का आहे? सुगीच्या दिवसांत पहाटे उठून ट्रक उतरवून घ्यावा, पोत्यापोत्यातला नमुना हातावर घेऊन पाहावा, तोल करावा, शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या लिहाव्यात, चोर्ला घाटाने गोव्याकडे जाणारा माल वेळेवर लावून द्यावा आणि रात्री रोजमेळ जुळेपर्यंत गादीवरून उठू नये, असे मी पंचेचाळीस वर्षे केले. आमच्या वखारीतील हमाल पूर्वी शंभर किलोचे पोते पाठीवर घेत. आता पोती बहुधा पन्नास किलोची असतात. संध्याकाळी ते भिंतीला पाठ टेकून बसत तेव्हा त्यांचा शीण पाहणाऱ्यालाही जाणवे. पण रात्र गेली की तेच हमाल सकाळी हसत पुढे येत. झोपेने जो फिटतो, तो थकवा. मी सांगतो आहे तो झोपेने फिटत नाही. आठ तास झोपून उठावे आणि रात्रभर कोणी पोती वाहावयास लावली होती असे वाटावे, अशी त्याची तऱ्हा आहे.

2021 सालच्या एप्रिलात, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, मला ताप आला. बारा दिवस ताप होता. इस्पितळात जावे लागले नाही. ज्या लाटेत आपल्या संघाने आपली किती माणसे गमावली ते सर्वांस ठाऊक आहे. त्या मानाने मी सुटलो, असेच सर्व म्हणाले व मीही म्हणालो. जूनमध्ये पेढीवर जाऊन बसू लागलो. तेव्हापासून एकेक गोष्ट लक्षात येऊ लागली. स्नान करून आलो की अर्धा तास बसून राहावे लागे. उभा राहिलो की छातीत धडधड होई व डोळ्यांपुढे अंधारी येई. क्विंटलचा भाव आणि पोत्यांची संख्या कानावर पडताच रक्कम तोंडी सांगणारा मी, त्याच हिशेबासाठी कागद मागू लागलो, आणि कागदावरही चुकू लागलो. एकदा एका जुन्या गिऱ्हाइकाचे नावच आठवेना. तो समोर बसला होता, आणि मी चहा मागविण्याचे निमित्त करून आत गेलो.

तपासण्या झाल्या. रक्त, साखर, हृदयाचा आलेख, छातीचे चित्र, सर्व काही ठीक निघाले. ज्या डॉक्टरांकडे गेलो होतो ते सज्जन गृहस्थ होते. त्यांनी सांगितले की, काही झालेले नाही. वय आहे, बसून शरीर ढिले पडले आहे. रोज चालावे, आणि दर आठवड्याला थोडे थोडे वाढवीत जावे. सल्ला मनाला पटण्यासारखा होता. ज्याने आयुष्यभर आळसाला शत्रू मानले, त्याला थकव्यावर उपाय म्हणून आणखी श्रम सांगितले तर तो आनंदाने करतो. मी नेमाने चालू लागलो. पहिल्या आठवड्यात पेठेच्या कोपऱ्यापर्यंत, मग त्याच्या दुप्पट, आणि भाद्रपदात किल्ल्यातील कमल बस्तीपर्यंत. 1204 साली रट्ट राजांच्या काळात उभारलेल्या त्या मंदिराच्या थंड मंडपात पोहोचलो की आपण जिंकलो असे वाटे. मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग इतके गळून जाई की घशाशी ताप आल्यासारखे वाटे, सांधे दुखत, उजेड सोसवत नसे. त्याचा चालण्याशी संबंध असेल असे एकदाही मनात आले नाही. आजचे दुखणे परवाच्या चालण्यामुळे असू शकते, हे कोणास सुचेल? उलट, अजून ताकद आली नाही म्हणून मी चालणे वाढविले. त्यातच दशलक्षण पर्वात दरवर्षीचा नेम मोडू नये म्हणून दोन उपवासही केले.

दिवाळीपर्यंत मला माडीचा जिना चढता येईना. पुढे 2022 च्या फेब्रुवारीत घरातील एका विवाहात मी दोन तास दाराशी उभा राहून पाहुण्यांचे स्वागत केले. लोक म्हणाले, अण्णा अगदी पूर्वीसारखे दिसतात. तिसऱ्या दिवशी मला ताट उचलता आले नाही. त्यानंतर पाच आठवडे मी पडदे ओढलेल्या खोलीत होतो. भांड्याचा आवाज झाला तरी डोके फुटेल असे वाटे. सौभाग्यवती चमच्याने भरवीत असे. पूर्वी चढता येत असे तेवढा जिना त्यानंतर मला आजतागायत चढता आलेला नाही.

त्याच वर्षाच्या मध्यावर दुसऱ्या शहरातील एका तज्ज्ञांनी या विकाराचे नाव सांगितले. मायाल्जिक एन्सेफेलोमायलायटिस असे त्याचे लांबलचक नाव आहे. क्रॉनिक फटीग सिंड्रोम हे दुसरे. दोन्हींची आद्याक्षरे जोडून एम.ई.-सी.एफ.एस. असे लिहितात. पुष्कळदा तो एखाद्या तापानंतर जडतो. कोविडनंतर अनेकांना जडला, त्यापूर्वी इतर तापांनंतरही जडत होताच. तो ओळखणारी रक्ताची तपासणी अद्याप नाही आणि तो बरा करणारे औषधही नाही. त्याची खरी खूण एकच धरावी: झेपेल त्याहून अधिक श्रम झाले, मग ते शरीराचे असोत वा डोक्याचे, की सर्व लक्षणे एकदम बळावतात, ती लगेच नव्हे तर बहुधा बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी, आणि मग दिवसेच्या दिवस, कधी आठवडे, राहतात.

येथे मला माझ्या पुतणीची हकीकत सांगितली पाहिजे. तिच्या संमतीने ती सांगत आहे.

1994 साली, ती कॉलेजात असताना तिला विषमज्वर झाला. ताप उतरला, पण पोरगी उभी राहीना. वर्ष गेले, दोन वर्षे गेली. वैद्य झाले, डॉक्टर झाले, एका ठिकाणी तर हा मनाचा खेळ आहे असे सांगण्यात आले. घरात तर्क सुरू झाले. हिला शिकावयाचे नाही, हिला लग्न करावयाचे नाही, हिला कामाचा कंटाळा आहे. त्या वेळी घरातील कर्ता मीच होतो. मी तिला सक्तीने पहाटे उठवून मंदिरापर्यंत चालवीत नेत असे. वाटेत ती दोनदा बसली तर मी न बोलता उभा राहत असे, आणि त्या न बोलण्यात काय असे ते तिला कळत असे. एकदा ती म्हणाली, "काका, मला येता येत नाही असं नाही, आल्यावर जे होतं ते सोसवत नाही." या वाक्यात आजाराचे पूर्ण निदान होते. मी ते निमित्त समजलो. काही महिन्यांनी ती अंथरुणाला खिळली. पुढे तिच्या भावाने तिला सांगलीस आपल्याकडे नेले. तेथे तिला कोणी चालविले नाही, आणि हळूहळू ती घरातल्या घरात वावरण्याइतकी सावरली.

क्षमावणीच्या दिवशी मी दरवर्षी तिला दूरध्वनी करीत असे आणि सर्वांना म्हणतो तेच तिला म्हणत असे. 2022 साली मी तिला त्या पहाटेच्या चालण्याचे नाव घेऊन क्षमा मागितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काका, तुम्ही आता कसे राहता? दिवसाचं सांगा बघू." मी सांगितले. ती म्हणाली, "वाईट दिवशी माणूस आपोआप पडून राहतो. सांभाळायचं ते बरं वाटेल त्या दिवशी. आणि वही लिहा. तुम्ही तर हिशेबातले."

मी वही घातली. डाव्या पानावर त्या दिवशी काय काय केले ते, वेळेसह. उजव्या पानावर अंग कसे होते ते. तीन महिने नुसते लिहीत गेलो. मग, खतावणी जुळेना की आपण जसे मागे मागे जाऊन नोंदी ताडून पाहतो, तसे एकदा सकाळी ती वही घेऊन बसलो. उजव्या पानावर जेथे जेथे 'पडून' असे लिहिले होते तेथून दोन दिवस मागे गेलो की डाव्या पानावर काहीतरी सापडेच. कोणाचे तरी सांत्वन करून आलो होतो; विक्रीकराच्या जुन्या कागदांवरून मुलाशी दोन तास वाद घातला होता; स्नानगृहात उभ्याने डोक्यावरून पाणी घेतले होते. एके ठिकाणी तर काहीच श्रम दिसेनात. नीट पाहिले तेव्हा त्या दिवशी मी पाच माणसांशी बसून गप्पा मारल्याची नोंद होती. इतका आनंद झाला होता की तो खर्च असेल असे वाटलेच नव्हते.

या शरीराचा व्यवहार उधारीचा आहे. दुकानातून माल हवा तेवढा देतात, दाम लगेच मागत नाहीत, म्हणून आपली पत मोठी असे वाटते. बिल दोन दिवसांनी येते, आणि व्याजासह येते. पुन्हा पुन्हा असे झाले की पुढची उधारीच घटते. रोज किती शिल्लक आहे ते पाहून तिच्या आत खर्च ठेवणे, एवढाच यावरचा ज्ञात मार्ग आहे. अमेरिकेत शिकागोच्या डी-पॉल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ लेनर्ड जेसन यांनी याच विचाराचा अनेक वर्षे अभ्यास केला. जवळ असलेली शक्ती आणि खर्चलेली शक्ती यांचा मेळ राहील असे वागावे, असा त्यांचा आशय आहे. व्यापाऱ्याला यात समजावून सांगण्यासारखे काही नाही. तरीही ते समजण्यास मला दीड वर्ष लागले, आणि तेवढ्यात मूळ भांडवलच बरेच बुडाले.

माझी नात औषधशास्त्र शिकते. या विकाराचा इतिहास तिने मला थोडा थोडा वाचून दाखविला. तो येथे देतो, कारण आपल्या घरांतून जे गैरसमज आहेत ते केवळ आपलेच नाहीत असे त्यावरून दिसते. 1955 साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात एक साथ आली आणि तेथील डॉक्टर, परिचारिका व इतर मिळून 292 कर्मचारी तिच्या तडाख्यात सापडले. पुढील वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या विकाराला वर सांगितलेले लांबलचक नाव मिळाले. 1969 साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याची गणना मज्जासंस्थेच्या विकारांत केली. पण 1970 साली दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुने कागद चाळून असे प्रतिपादन केले की, ती साथ म्हणजे सामूहिक उन्माद होता. त्यांच्या कारणांपैकी एक असे की, आजाऱ्यांत स्त्रियांचा भरणा होता. त्या आजारी माणसांना त्यांनी तपासलेही नव्हते. हे मत पुढे कित्येक दशके टिकले. माझ्या पुतणीला 1995 च्या सुमारास 'मनाचा खेळ' असे ऐकावे लागले, त्याचे मूळ इतक्या दूर होते.

2011 साली इंग्लंडातच एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. हळूहळू व्यायाम वाढवीत नेल्याने व मनोपचाराने हे रोगी सुधारतात, असा तिचा निष्कर्ष होता. रोग्यांनी तिच्यावर आक्षेप घेतले. चाचणी चालू असतानाच सुधारणेची मापे सैल केली गेली, हा त्यांतील मुख्य. ते आक्षेप पुढे कित्येक शास्त्रज्ञांनीही उचलून धरले. 2015 साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने स्वच्छ शब्दांत सांगितले की, हा शरीराचा गंभीर आजार आहे. सहा महिन्यांहून अधिक टिकलेला व कामाची शक्ती पुष्कळ घटविणारा थकवा, श्रमानंतर बळावणारे दुखणे आणि ताजेतवाने न करणारी झोप ही तिन्ही असावीत, व त्यांच्या जोडीस बुद्धीचा गोंधळ किंवा उभे राहिल्याने होणारा त्रास यांपैकी एक असावे, असे निदानाचे निकष त्या संस्थेने दिले. आणि 2021 च्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या नाइस या संस्थेने नवे मार्गदर्शन काढून, ठरावीक प्रमाणात वाढवीत नेण्याच्या व्यायामाचा उपचार या रोग्यांना देऊ नये असे सांगितले. त्याच ऑक्टोबरात मी बेळगावात चालणे वाढवीत होतो. मला सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांच्या पिढीला पुस्तकात जे शिकविले गेले ते त्यांनी मला सांगितले.

मात्र प्रत्येक थकवा हा विकार नव्हे, आणि हे आपल्या समाजास विशेषेकरून सांगितले पाहिजे. आपण शाकाहारी, अंडे-मांस वर्ज्य, त्यामुळे बी-12 हे जीवनसत्त्व आपल्याला दूध-दह्यावाचून दुसरीकडून मिळत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तपासलेल्या मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांत ते कमी आढळले. हिमोग्लोबिन ठीक असूनही बी-12 कमी असू शकते, आणि थकवा, हातापायांना मुंग्या, विसराळूपणा ही त्याची लक्षणे असतात. ते गोळीने किंवा इंजेक्शनने भरून निघते. तेव्हा बी-12, ड जीवनसत्त्व, थायरॉइड, साखर, मूत्रपिंड, क्षय, झोपेत श्वास अडखळणे, मनाची खिन्नता हे सर्व आधी तपासून घ्यावे. माझे बी-12 कमी निघाले, ते भरून काढले, हातांच्या मुंग्या गेल्या. थकवा गेला नाही. गोव्यात 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे अडीच हजार स्त्रियांपैकी बारा टक्क्यांनी सहा महिन्यांहून अधिक काळ थकव्याची तक्रार सांगितली, आणि त्या तक्रारीचा संबंध पंडुरोगाशी जुळला नाही. ओढगस्ती व मनावरचा भार यांच्याशी जुळला. त्या सर्वांना माझा आजार होता असे मुळीच नव्हे. पण घरातील बाई थकवा सांगते तेव्हा लोहाच्या गोळ्या आणून दिल्या की आपले कर्तव्य संपले, असे समजणाऱ्यांनी या पाहणीचा विचार करावा.

ताकदीची सलाईन, परदेशी चूर्णे आणि महागडी शिबिरे यांवर माझे किती पैसे गेले तो आकडा वहीत आहे. येथे देत नाही.

आता दिवस कसा जातो ते सांगतो. स्नान स्टुलावर बसून, एक दिवसाआड. मधल्या दिवशी अंग पुसून घेणे. त्यानंतर वीस मिनिटे आडवे पडणे, झोप नव्हे, डोळे मिटून, काही न ऐकता. अभिषेक मुलगा करतो, मी खुर्चीवर बसून पाहतो. सकाळी दहा ते अकरा हा माझा उत्तम वेळ; कोणाला भेटणे असेल, सही असेल, तर त्यातच. बाजारभाव दहा मिनिटे ऐकतो. जिना नाही, माझे अंथरूण खालीच आणले आहे. एखादे काम अर्धे झाले असता, आणखी सहज होईल असे वाटत असतानाच सोडतो. ही सवय लावणे सर्वांत कठीण गेले. अर्धा रोजमेळ टाकून उठण्याची कल्पना जन्मात केली नव्हती. आपल्या बाह्य तपांत अवमौदर्य सांगितले आहे, भुकेहून थोडे कमी जेवून उठावे. लहानपणापासून ते ताटापुरते पाळले; आता कामाच्या बाबतीत पाळतो. देशव्रतात श्रावक आज अमुक मर्यादेपलीकडे जाणार नाही असे ठरवितो, तसे मी सकाळीच ठरवितो की आज अंगणापर्यंत, किंवा आज खोलीच्या दारापर्यंत. ठरविल्यावर अंगात बळ आले तरी ओलांडीत नाही.

मनगटावर नाडी मोजणारे घड्याळ मुलाने आणून दिले आहे. नाडी एका ठरावीक आकड्यापलीकडे गेली की ते थरथरते आणि मी बसतो. माझ्या वयाला डॉक्टरांनी तो आकडा 95 च्या आसपास ठेवला आहे. दुसऱ्याने आपल्या डॉक्टरांस विचारून ठरवावा. उभे राहिल्यावर होणारा त्रास पाणी व मीठ थोडे वाढविल्याने आणि पायांत घट्ट मोजे घातल्याने मला कमी झाला. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी मीठ आपल्या मनाने वाढवू नये.

व्रतांचा प्रश्न माझ्यापुरता सर्वांत जड होता. रात्री पाणीही न घेण्याचा माझा चाळीस वर्षांचा नियम. तो मोडला तर राहिले काय, असे वाटे. 2023 च्या चातुर्मासात एका त्यागी महाराजांना माझ्या मुलाने सर्व हकीकत निवेदन केली. महाराजांनी मला सोळाकारण भावना म्हणून दाखविण्यास सांगितले. मी म्हणत गेलो. शक्तितस्त्याग आणि शक्तितस्तप या नावांशी आलो तेव्हा त्यांनी हात वर करून थांबविले, आणि पुढे काहीच बोलले नाहीत. मी पन्नास वर्षे ते शब्द म्हणत आलो होतो. शक्तीनुसार म्हणजे शक्तीच्या टोकापर्यंत, असाच अर्थ मी आजवर करीत आलो होतो. आता रात्री औषधापुरते पाणी घेतो. दशलक्षणात उपवास करीत नाही. पडल्या पडल्या रोज एका धर्माचे चिंतन करतो, तेही पंधरा मिनिटे.

एवढे करूनही दुखणे वाढले नाही असे नाही. 2024 च्या संक्रांतीला अंगात चांगले होते. येणाऱ्या प्रत्येकाला तिळगूळ मी स्वतः दिला. बावीस माणसे झाली. वही समोरच होती, पण त्या दिवशी उघडली नाही. तीन आठवडे गेले, आणि मग जे परत आले ते पूर्वीइतके आले नाही. आधी दिवसाकाठी चार तास बसता येत असे, तेव्हापासून तीन. हे लिहिताना लाज वाटते, पण वाचकांना खोटा धीर देऊन काय उपयोग?

भेटीस येणाऱ्यांविषयी दोन शब्द सौभाग्यवतीच्या आग्रहावरून लिहितो. ती म्हणते, "येतात ते तुम्हाला बसलेले बघून जातात, झोपलेले मी बघते." प्रत्येक जण जाताना म्हणतो, "दिसता तर छान." मला त्याचा राग येत नाही, तिला येतो. बंधूंनी एकावेळी एकानेच यावे, उभ्या उभ्या यावे, आणि मी मध्येच डोळे मिटले तर वाईट वाटून घेऊ नये. संघाच्या कार्यकारिणीने मला सभेस घरूनच दूरध्वनीवर हजर राहण्याची मुभा दिली, त्याचा मला फार उपयोग झाला. ती इतरांसही मिळावी. आणि ज्यांच्या पेढीवर एखादा कारकून तापानंतर मंदावला असेल, पूर्वीचा चलाख मुलगा आता बेरजेत चुकत असेल, त्यांनी त्याला घालविण्यापूर्वी तपासून घ्यावे, बसून करावयाचे काम द्यावे, आणि सुट्टीनंतर तो आणखी बिघडला की सावरला, ते पाहावे.

पेढीच्या किल्ल्या मी 2023 च्या पाडव्याला मुलाच्या हाती दिल्या. तोवर मी त्या उशाखाली ठेवीत असे आणि तो रोज सकाळी मागून नेत असे. माझ्या दुखण्यातला हा भाग कोणत्याच डॉक्टरांना दिसला नाही. तो माल माझ्यापेक्षा वेगळ्या रीतीने घेतो. तूर डाळीत त्याने गेल्या वर्षी जो सौदा केला तो मी केला नसता. मी त्याला तसे म्हणालो, तो म्हणाला, "अण्णा, आज यावर बोलायचं की उद्या दिवसभर बसायचं?" मी गप्प बसलो. सौदा वाईट गेला नाही, चांगलाही गेला नाही.

हा लेख मी सांगत गेलो आणि नातीने उतरून घेतला. रोज दहा मिनिटे, असे सत्तावीस दिवस लागले. मध्ये एकदा आठ दिवस काम बंद होते. सांगलीला पुतणीला ती तो वाचून दाखविणार आहे, तिने काही बदल सांगितले तर ते करून संपादकांकडे पाठवू. ज्या सभासदांच्या घरी असे कोणी असेल त्यांनी वहीची आखणी पाहावयास जरूर यावे. सकाळी दहा ते अकरा मी बसलेला असतो. येण्यापूर्वी मुलास विचारून घ्यावे. तो आधी वही पाहील आणि मग कोणता दिवस ते सांगेल.